पडदा लहान-मोठा, बोट तेवढेच

एकच ॲप फोनवर उघडले आणि तेच टॅब्लेटवर उघडले, तर दोन्हीकडे मजकूर तोच असतो. पण मांडणी मात्र पुष्कळदा वेगळी दिसते. उदाहरणार्थ, ई-मेलचे ॲप घ्या. फोनवर आलेल्या पत्रांची नुसती यादी दिसते. एखाद्या ओळीवर बोट टेकवले, की यादी जाते आणि तिच्या जागी ते पत्र येते. टॅब्लेटवर मात्र डावीकडे यादी आणि उजवीकडे पत्र, अशी दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. फोनवर तळाशी आडवी असणारी चिन्हांची पट्टी टॅब्लेटवर डाव्या कडेला उभी राहते.

ॲप तयार करणाऱ्याने प्रत्येक फोनसाठी आणि प्रत्येक टॅब्लेटसाठी वेगळी आज्ञावली लिहिली असेल काय? बाजारात किती प्रकारचे पडदे आहेत हे पाहिले, तर ते अशक्य आहे हे सहज पटेल. शिवाय आज लिहिलेले ॲप उद्या निघणाऱ्या फोनवरही चालावे लागते. हे काम सोपे करते ती यंत्र आणि ॲप यांच्यामध्ये असलेली मुख्य आज्ञावली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम. अँड्रॉइड ही अशी एक प्रणाली आहे. तिचे उदाहरण घेऊन हे काम कसे चालते ते पाहू.

ठिपके मोजून भागत नाही

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. साहजिकच कोणालाही वाटेल, की बटन किती मोठे काढायचे ते ठिपक्यांत सांगावे. या सोप्या वाटणाऱ्या मार्गात काय अडचण आहे, ते तीन यंत्रांवरून पाहू. ही यंत्रे थोडी जुनी आहेत. पण त्यांचे आकडे मोठे बोलके आहेत.

पहिले यंत्र, २०११ चा गॅलेक्सी नेक्सस हा फोन : पडदा ४·६५ इंच, ठिपके १२८० × ७२०.
दुसरे यंत्र, २०१२ चा नेक्सस ७ हा लहान टॅब्लेट : पडदा ७ इंच, ठिपके १२८० × ८००.
तिसरे यंत्र, २०११ चा मोटोरोला झूम हा मोठा टॅब्लेट : पडदा १०·१ इंच, ठिपके १२८० × ८००.

पडद्याचे इंच कर्णावर मोजतात. तेव्हा पायथागोरसच्या सिद्धांताने कर्णावर किती ठिपके बसतात ते काढता येईल. नेक्सस ७ साठी १२८० चा वर्ग अधिक ८०० चा वर्ग, आणि त्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १५०९. त्याला ७ ने भागले, की एका इंचात सुमारे २१६ ठिपके येतात. याला पडद्याची घनता म्हणू. याच रीतीने झूमची घनता सुमारे १४९ आणि गॅलेक्सी नेक्ससची सुमारे ३१६ निघते.

आता समजा, ॲप लिहिणाऱ्याने ४८ ठिपके रुंदीचे बटन काढले. एक इंच म्हणजे २५·४ मिलिमीटर. तेव्हा हे बटन झूमवर ८·२ मिलिमीटर, नेक्सस ७ वर ५·६ मिलिमीटर आणि गॅलेक्सी नेक्ससवर अवघे ३·९ मिलिमीटर रुंद होईल. पडदे बदलले, पण माणसाचे बोट तेवढेच राहिले! चार मिलिमीटरच्या बटनावर बोट टेकवताना शेजारचे बटन दाबले जाण्याचीच शक्यता अधिक. ‘जतन करा’ आणि ‘पुसून टाका’ ही बटने शेजारी-शेजारी असतील, तर त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको.

यावरून काय दिसते? ठिपका हे लांबीचे एककच नव्हे. ती नुसती मोजदाद आहे. ‘भिंत शंभर विटांची आहे’ असे म्हटल्याने तिची लांबी कळत नाही. वीट केवढी तेही सांगावे लागते.

डीपी : एक सोयीचे एकक

या अडचणीवर अँड्रॉइडने एक एकक योजले आहे. त्याचे नाव घनतानिरपेक्ष पिक्सेल, थोडक्यात डीपी. आपल्या ओळखीच्या मंडळींच्या छायाचित्रांनाही आपण डीपी म्हणतो. त्या डीपीशी याचा काही संबंध नाही. एका इंचात १६० ठिपके असणाऱ्या पडद्यावरील एक ठिपका म्हणजे एक डीपी. दुसऱ्या शब्दांत, एक डीपी म्हणजे एका इंचाचा सुमारे १६० वा भाग. त्याचे सूत्र असे :

ठिपके = डीपी × घनता ÷ १६०

ॲप लिहिणारा फक्त ‘बटन ४८ डीपी रुंद’ एवढेच सांगतो. गुणाकार-भागाकार प्रत्येक यंत्रावरची प्रणाली करते. मात्र सूत्रात ती घनता जशीच्या तशी घेत नाही, तर जवळचा एक ठरीव आकडा घेते. आपल्या तीन यंत्रांत तो अनुक्रमे ३२०, २१३ आणि १६० असा धरलेला आहे. तेव्हा आपले बटन गॅलेक्सी नेक्ससवर ९६ ठिपक्यांचे, नेक्सस ७ वर ६४ ठिपक्यांचे आणि झूमवर ४८ ठिपक्यांचे होते. आता पट्टीने मोजले, तर रुंदी अनुक्रमे ७·७, ७·५ आणि ८·२ मिलिमीटर भरेल. ठिपके निरनिराळे, पण बटन जवळजवळ सारखेच! बोटाने दाबायची कोणतीही वस्तू निदान ४८ डीपी असावी, अशी शिफारस अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात केलेली आहे, तिचे मर्म हेच.

येथे कोणी विचारील, की सरळ मिलिमीटरच का वापरले नाहीत? आणि घनतेचे आकडे ठरीव का घेतले? याचे कारण चित्रांत आहे. १६०, २४०, ३२०, ४८० आणि ६४० या मुख्य घनता १, १·५, २, ३, ४ अशा सोप्या प्रमाणात आहेत. २४ डीपीचे एखादे चिन्ह काढायचे असेल, तर त्याच्या २४, ३६, ४८, ७२ आणि ९६ ठिपक्यांच्या आवृत्त्या तयार ठेवता येतात, आणि बारीक रेषा ठिपक्यांच्या मध्ये अडकून धूसर होत नाहीत. २१३ सारखी मधली घनता आली, तर प्रणाली मोठ्या आवृत्तीचे चित्र लहान करून घेते. २०१४ च्या अँड्रॉइड ५·० पासून तर चिन्हे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिती वर्णनानेही देता येऊ लागली. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्र रेषा’ एवढे लिहिले, की प्रणाली हव्या त्या आकारात चिन्ह रेखाटते.

टॅब्लेटची घनता फोनपेक्षा कमी असूनही अक्षरे खडबडीत का दिसत नाहीत, याचे उत्तर भौतिकीत आहे. निकोप डोळ्याला सुमारे एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाने दूर असलेले दोन ठिपके जेमतेम वेगळे दिसतात. ३० सेंटिमीटर अंतरावर हा कोन ०·०८७ मिलिमीटर व्यापतो, म्हणजे इंचात सुमारे २९० ठिपके. टॅब्लेट आपण जरा लांब धरतो. ४० सेंटिमीटरवर इंचात सुमारे २२० ठिपके असले, तरी डोळ्याला तेवढेच समाधान मिळते.

उरलेल्या जागेची वाटणी

एकक ठरले, आता मांडणी. गॅलेक्सी नेक्सस उभा धरला, तर त्याची रुंदी ७२० × १६० ÷ ३२० = ३६० डीपी होते. याच रीतीने नेक्सस ७ ची रुंदी सुमारे ६०१ डीपी आणि झूमची ८०० डीपी निघते. ई-मेलच्या यादीतली एक ओळ या तीन रुंदींत कशी बसवायची?

प्रणाली हे काम दोन फेऱ्यांत करते. पहिली फेरी मापनाची. बाहेरची चौकट आतल्या प्रत्येक घटकाला मर्यादा सांगते. ती तीन प्रकारची असते : ‘नेमके इतकेच हो’, ‘जास्तीत जास्त इतके हो’ किंवा ‘हवे तेवढे हो’. घटक आपल्या मजकुराप्रमाणे माप कळवतो. दुसरी फेरी मांडणीची. सगळी मापे हाती आल्यावर चौकट प्रत्येकाची जागा ठरवते.

आपल्या ओळीत दोन्ही कडांना १६ डीपीचा समास, पत्र पाठवणाऱ्याचे ४० डीपीचे चित्र आणि त्यापुढे १६ डीपीचे अंतर आहे, असे समजा. हे सगळे ठरीव आहे. ‘उरलेली सारी जागा मजकुराला’ एवढीच सूचना ॲपमध्ये लिहिलेली असते. फोनवर मजकुराला ३६० − ३२ − ४० − १६ = २७२ डीपी मिळतात, तर झूमवर ७१२ डीपी. आकडे कोठेही लिहून ठेवलेले नाहीत. लिहून ठेवला आहे तो नियम.

नुसते ताणणे पुरत नाही

परंतु ७१२ डीपीची ओळ वाचायला चांगली असते काय? वर्तमानपत्र पाहा. पान एवढे रुंद असूनही मजकूर अरुंद रकान्यांत छापलेला असतो. ओळ फार लांब झाली, तर तिच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या आरंभाकडे परतताना डोळा चुकतो. तेव्हा पडदा रुंद झाला म्हणून ओळ ताणत नेणे म्हणजे जागा भरणे होय. जागेचा उपयोग करणे नव्हे.

२०१० साली पहिला आयपॅड आला, तेव्हा आयफोनची ॲप त्यावर दोन प्रकारे चालत : एक तर मधोमध मूळ आकारात, नाही तर दुप्पट फुगवून. काम चालत असे; पण मोठ्या पडद्याचा लाभ काही मिळत नसे. अँड्रॉइडने पुढच्या वर्षी वेगळा मार्ग धरला. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेले अँड्रॉइड ३·० खास टॅब्लेटसाठीच होते. त्यात पडद्याचे सुटे भाग करण्याची सोय आली. यादी हा एक भाग, पत्र हा दुसरा भाग. अरुंद पडद्यावर हे भाग एकामागून एक दाखवायचे, रुंद पडद्यावर शेजारी-शेजारी. त्या वेळी फोनसाठी एक प्रणाली व टॅब्लेटसाठी दुसरी, अशी फाटाफूट झाली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४·० ने ती मिटवली आणि दोहोंसाठी एकच प्रणाली आली.

भाग सुटे झाले, की जागेचा हिशेब बदलतो. झूम आडवा धरला, तर रुंदी १२८० डीपी. त्यातले ३६० डीपी यादीला दिले, तरी पत्राला ९२० डीपी उरतात. चिन्हांची पट्टी तळाशी की कडेला, हेही बोटावरूनच ठरते. फोन एका हातात धरतात तेव्हा अंगठा तळाशी सहज पोहोचतो. टॅब्लेट दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंना धरतात. तेथे तळाच्या मधोमध अंगठा पोहोचत नाही, कडेला पोहोचतो.

निवड कशी होते?

कोणत्या पडद्यावर कोणती मांडणी घ्यायची, याची निवड करण्याची एक पद्धत पाहण्यासारखी आहे. ॲपच्या पेटीत मांडण्यांचे अनेक कप्पे असतात. एक सर्वसाधारण, त्यावर कोणतीही अट नाही. दुसऱ्यावर चिठ्ठी असते : ‘लहान बाजू निदान ६०० डीपी’. तिसऱ्यावर : ‘लहान बाजू निदान ७२० डीपी’. लहान बाजूची ही अट २०११ च्या अँड्रॉइड ३·२ मध्ये आली. यंत्र उभे धरा की आडवे, त्याची लहान बाजू तीच राहते, ही यातील खुबी.

निवड होते ती वगळण्याच्या पद्धतीने. गॅलेक्सी नेक्ससची लहान बाजू ३६० डीपी, म्हणून दोन्ही चिठ्ठ्यांचे कप्पे बाद. सर्वसाधारण मांडणी उरली. नेक्सस ७ ची ६०१ डीपी, म्हणून ७२० चा कप्पा बाद. उरलेल्या दोहोंत ६०० चा कप्पा अधिक नेमका, तो घेतला. झूमची ८०० डीपी, तेव्हा काहीच बाद नाही. त्यांत ७२० चा कप्पा सर्वांत जवळचा. सर्वसाधारण कप्पा नेहमीच असला पाहिजे, हेही यावरून कळेल. तो नसता, तर लहान फोनला काहीच मिळाले नसते.

शब्दांची निवडही अशाच कप्प्यांतून होते. फोनची भाषा मराठी ठेवली, की प्रणाली मराठीची चिठ्ठी असलेला कप्पा शोधते. तो मिळाला नाही, तर सर्वसाधारण कप्प्यातले शब्द दाखवते. एखादे ॲप मराठी फोनवरही इंग्रजीतच का बोलते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की, मराठीचा कप्पा कोणी भरलेलाच नाही.

यंत्राचे नाव नको, खिडकीची रुंदी सांगा

पूर्वी ‘हा फोन की टॅब्लेट?’ असा प्रश्न विचारून मांडणी ठरवीत. पुढे हा प्रश्नच अपुरा ठरला. २०१६ च्या अँड्रॉइड ७·० मध्ये पडदा विभागून दोन ॲप एकाच वेळी दाखवण्याची सोय आली. आडव्या झूमएवढा १२८० डीपीचा पडदा दोघांत समान वाटला, तर प्रत्येकाला ६४० डीपीहूनही थोडे कमीच मिळतात. यंत्र टॅब्लेट, पण ॲपला मिळालेली खिडकी लहान. त्यानंतर घडी घालता येणारे फोन आले. मिटलेला असताना फोन, उघडला की लहानसा टॅब्लेट!

म्हणून आता ॲपने यंत्राचे नाव न विचारता ‘माझ्या वाट्याला आलेली खिडकी किती रुंद आहे?’ असे विचारावे, अशी पद्धत रूढ झाली आहे. ६०० डीपीपेक्षा कमी रुंदी आटोपशीर, ६०० ते ८४० पर्यंत मध्यम आणि ८४० पासून पुढे प्रशस्त, असे मुख्य वर्ग अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात आहेत. २०२२ च्या अँड्रॉइड १२ एल या आवृत्तीत प्रणालीने स्वतःचेही घर आवरले : मोठ्या पडद्यावर सूचनांचे पान दोन रकान्यांत आले आणि तळाशी ॲपची पट्टी आली. काही ॲप ‘आम्ही उभेच दिसणार’ असा हट्ट धरीत. त्यामुळे आडव्या टॅब्लेटवर दोन्ही बाजूंना रिकामे पट्टे राहत. २०२५ साली आलेल्या अँड्रॉइड १६ मध्ये, त्या आवृत्तीसाठी तयार केलेल्या ॲपचा हा हट्ट लहान बाजू ६०० डीपी किंवा अधिक असलेल्या पडद्यावर प्रणाली मानत नाही. खेळांना मात्र यातून वगळलेले आहे.

खिडकी बदलली, की आणखी एक गोष्ट घडते. फोन उभ्याचा आडवा केला, तर सामान्यतः अँड्रॉइड चालू पान मोडते आणि योग्य मांडणी घेऊन ते नव्याने उभारते. चौकटीत टाइप केलेली अक्षरे पुष्कळदा प्रणालीच राखून ठेवते. पण कितवा प्रश्न चालू होता, किती गुण झाले, ही माहिती ॲपने स्वतः जपावी लागते. ती जपलेली नसेल, तर चाचणी सोडवणाऱ्या विद्यार्थ्याचा फोन नुसता तिरका झाला, तरी तो पुन्हा पहिल्या प्रश्नावर येईल! चांगल्या ॲपची परीक्षा घ्यायची असेल, तर काम अर्ध्यावर असताना फोन फिरवून पाहावा.

डोळे सर्वांचे सारखे नसतात

बोट साधारण सारखे असले, तरी दृष्टी सारखी नसते. म्हणून अक्षरांसाठी एसपी नावाचे वेगळे एकक आहे. मूळचे ते डीपीएवढेच. पण आजोबांनी सेटिंगमध्ये अक्षरे मोठी केली, की एसपीही त्या प्रमाणात वाढते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये ही वाढ दुपटीपर्यंत नेता येते. मात्र आधीच मोठे असलेले मथळे कमी वाढवून लहान मजकूर अधिक वाढवला जातो. नाही तर मथळ्यांनीच पडदा व्यापला असता.

मराठी वाचकांच्या दृष्टीने येथे एक बाब महत्त्वाची आहे. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार येतात आणि अक्षराखाली उकार येतात. ॲप लिहिणाऱ्याने इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून ओळीची उंची पक्की करून टाकली, तर ‘मूर्ती’तला ऊकार खाली आणि रफार वर छाटला जाण्याचा धोका असतो. ‘मजकुराला लागेल तेवढी उंची’ असा नियम लिहिला, तर मापनाच्या फेरीत उंची आपोआप वाढते.

शेवटी या साऱ्या खटाटोपाचा उद्देश काय? २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा असंख्य मुलांनी घरातल्या एकाच फोनवर धडे घेतले. ज्याच्याकडे टॅब्लेट आहे त्याला सगळा धडा आणि ज्याच्याकडे लहान फोन आहे त्याला न वाचता येणारी बारीक अक्षरे, असा भेद मांडणीने करता कामा नये. मोठ्या पडद्यावर एका दृष्टिक्षेपात अधिक दिसावे, हे ठीक. पण लहान पडद्यावरही मजकूर तोच, वाचता येईल असा आणि बोटाने नीट दाबता येईल असा मिळाला पाहिजे. धडे तयार करणाऱ्या शिक्षकांनीही आपले पान एकदा लहानात लहान फोनवर पाहून घ्यावे.

करून पाहा

१. शाईच्या पॅडवर तर्जनी हलकेच टेकवून कागदावर ठसा घ्या आणि त्याची रुंदी पट्टीने मोजा. मग फोनच्या कळफलकावरील एका अक्षराची कळ मोजा. आपण नेहमी कोणती अक्षरे चुकून दाबतो, त्याचे कारण सापडते का पाहा.

२. शाळेत फोन व टॅब्लेट मिळाल्यास दोन्हींवर एकाच ॲपमधले एकच बटन मोजा. दोन्ही पडद्यांचे कर्णही मोजा. कोणते माप अधिक बदलले?

३. एका फोनचा पडदा १०८० ठिपके रुंद असून प्रणालीने घनता ४८० धरली आहे. पडदा किती डीपी रुंद? घनता ४२० धरली तर?

तिसऱ्याचे उत्तर : ३६० डीपी आणि सुमारे ४११ डीपी. ठिपके तेवढेच, पण धरलेली घनता कमी केली की डीपी वाढतात. म्हणजे वस्तू लहान दिसतात आणि पडद्यावर अधिक मावतात. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्लेचा आकार’ बदलण्याची सोय असते. ती हाच आकडा बदलते.